पेन्सिलीचा तक्ता

६ जानेवारी

चि. शेपटीस,

आशीर्वाद वेळापत्रकात मोडत नाहीत, म्हणून ते आधीच उरकतो. आहेत.

तुझं पत्र परवा मिळालं. तीन वर्षांतलं पहिलं, साडेचार ओळींचं. कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसते आहे, बारा आठवडे उरलेत, अभ्यासाचं वेळापत्रक काही केल्या जमत नाही, तुम्ही करून पाठवा. बाकी काही लिहू नका, मामाच्या प्रकरणाबद्दल तर एक अक्षर नको. आणि फोन करू नका, फोनवर तुम्ही वेळ मारून नेता. एवढं सगळं साडेचार ओळींत बसवलंस. परीक्षेत कामाला येईल.

ज्याने अठ्ठावीस वर्षं बस आगारात बसून चालकांच्या ड्यूट्या लावल्या, त्याच्याकडेच वेळापत्रक मागितलंस हे बरोबर केलंस. न्हाव्याशी भांडण असलं तरी केस कापायला त्याच्यापुढेच मान वाकवावी लागते.

तू पाठवलेला दिनक्रम पाहिला. झेरॉक्सच्या दुकानात दहा ते चार नोकरी. पाच ते सहा मामाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मदत. उरलेल्या सगळ्या वेळेसमोर तू एकच शब्द लिहिला आहेस, ‘अभ्यास’. अशी ड्यूटी मी लावली असती तर चालकांनी मला फाटकाला उलटं टांगलं असतं. कुठली गाडी, कुठला मार्ग, किती वाजता सुटणार, कुठे थांबणार? ‘अभ्यास’ ही फेरी होत नाही. म्हणून असं कर.

सकाळी साडेपाच ते सात: कायदेविषयक तर्क. सगळ्यात चढणीचा रस्ता तोच आहे, तर तो इंजिन थंड असताना घ्यायचा.

सात ते सव्वासात: काही नाही. उभं राहायचं. गाडी फेरीहून आली की तीसुद्धा पंधरा मिनिटं उभी राहते.

सव्वासात ते साडेआठ: गणित आणि आकृत्यांचे प्रश्न.

दुपारच्या सुटीत अर्धा तास: वर्तमानपत्र. सामान्य ज्ञानासाठी वेगळी फेरी लागत नाही, ते वाटेत चढणाऱ्या उतारूंसारखं गोळा करायचं.

सायंकाळी साडेसहा ते आठ: भाषा आणि उतारे.

आठ ते नऊ: राखीव.

दहा ते पाच: झोप. हीही ड्यूटीच आहे.

राखीव म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण सांगतो. आगारात रोज एक चालक नुसता बसवून ठेवलेला असतो. कुणी आजारी पडला, कुणाची गाडी बंद पडली, की तो जातो. नवा साहेब आला की पहिल्यांदा त्यालाच उठवायला बघतो, कारण तो बसलेला दिसतो. तुझ्या राखीव तासात आधीपासून काही लिहायचं नाही. दिवसभरात जी फेरी चुकेल ती तिथे धावेल. आणि उशीर झाला तर पुढची फेरी रद्द करायची, वेग वाढवायचा नाही. हा नियम मी भिंतीवर लावला होता.

सोबत पहिल्या दोन आठवड्यांचा तक्ता जोडला आहे. झालेल्या चौकटीत खूण करून दर पंधरा दिवसांनी परत पाठव.

तुझी आई ठीक आहे. हे वेळापत्रकाबाहेरचं झालं, नको असेल तर खोड.

बाबा

२३ जानेवारी

चि. शेपटीस,

तक्ता परत मिळाला. अकरा दिवसांच्या खुणा आहेत, तीन दिवस रिकामे. पहिल्या पंधरवड्याला हे वाईट नाही. पत्र नव्हतं. तक्त्याच्या कोपऱ्यात दोनच शब्द होते, ‘शाई कशाला?’

शाई टिकते म्हणून. दुसरं काय कारण असणार.

गणिताची फेरी तीनदा चुकली आहे आणि तिन्ही वेळा तर्काची फेरी लांबली आहे. म्हणजे तू कठीण प्रश्नाशी हुज्जत घालत बसतेस. लहानपणीही तसंच करायचीस. माझ्या मागे मागे आगारभर फिरायचीस, प्रत्येक फलक वाचायचीस आणि ‘ही गाडी तिकडूनच का जाते?’ म्हणून माझं डोकं खायचीस. चालकांनी त्यावरून ठेवलेलं नाव अजून चिकटलं आहे. परीक्षेत हुज्जतीला गुण नाहीत. दोन मिनिटांत प्रश्न सुटला नाही तर घंटी वाजवून पुढे निघायचं. मागे राहिलेल्या उतारूसाठी दुसरी गाडी येते.

वर्तमानपत्र वाचायला दुकानात वेळ मिळत नाही असं खुणांवरून दिसतं. मग संध्याकाळी मामा चाकं सरळ करत असताना त्यालाच वाचून दाखव. तो मध्येमध्ये प्रश्न विचारील. त्याला बातम्या पाठ व्हायच्या, आगारात आम्ही त्याला...

मामाबद्दल लिहायचं नव्हतं. राहू दे.

इकडे विशेष काही नाही. कार्यालयातलं घड्याळ अजूनही सात मिनिटं पुढे आहे आणि अजूनही सगळे मनात सात वजा करतात. मे महिन्यात मी निवृत्त होतो. मग एक नवा पोरगेला लिपिक येणार, ते घड्याळ बरोबर लावणार आणि पहिल्याच दिवशी सगळ्या गाड्या चुकवणार, असा माझा अंदाज आहे.

तुझी आई माझ्याशी बोलते. ‘जेवण झाकून ठेवलंय.’ ‘गॅसवाला येऊन गेला.’ वाक्यं पूर्ण असतात, फक्त प्रश्न विचारायचं तिने तीन वर्षांपूर्वी बंद केलं. मामा तिचा सख्खा भाऊ आहे, तिचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही.

बाबा

९ फेब्रुवारी

चि. शेपटीस,

दुसऱ्या पंधरवड्याचा तक्ता मिळाला. चौदा दिवस, सहा चौकटी, चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी खुणा. एकही फेरी चुकली नाही. झोप रोज दहा ते पाच.

शेपटे, एका बैठकीत भरलेलं हजेरीपत्रक मी डोळे मिटूनही ओळखतो. पहिल्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पेन तेच, दाब तोच, खुणेचं शेपूट एकाच बाजूला वळलेलं. खऱ्या खुणा अशा नसतात. एखादी घाईची, एखादी चहाच्या डागावर, एखादीला विसरून दोनदा. तू झोपत नाहीस. रात्री जागून वाचतेस, पहाटेची फेरी रद्द करतेस, दुकानात यंत्रासमोर डुलक्या घेतेस आणि कागदावर मात्र सात तास झोपतेस.

कागदावरची झोप डोळ्यांत उतरत नाही. हे मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

नवा तक्ता पाठवतो आहे. खुणा कमी आल्या तरी चालतील.

तू सराव-पुस्तकातलं एक पान सोबत ठेवलंस आणि एका प्रश्नाभोवती गोल केलास. सोडवून पाठवा असं काही लिहिलं नाहीस, पण मी सोडवला. तत्त्व असं दिलं आहे की मालकाच्या हुकमावरून नोकराने केलेल्या कामामुळे कुणाला इजा झाली तर जबाबदारी मालकाची. मग हकिगत येते. गोदामाचा मालक थकलेल्या हमालाला विश्रांती न देता शिडीवर चढवतो, हमालाच्या हातून पेटी निसटते, खालून जाणाऱ्या माणसाला लागते. जबाबदार कोण? अ, हमाल. ब, मालक. क, खालून जाणारा. ड, कुणीही नाही.

मी ब लिहिलं. मागच्या पानावर उत्तर पाहिलं, तेही ब. एक गुण मिळाला.

पण त्या गोदामात हमालाची हजेरी लिहिणारा एक कारकूनही असणार. हमालाने विश्रांती घेतली असं वहीत लिहून ठेवणारा. मी चारही पर्याय पुन्हा वाचले. तो कुठेच नाही.

बाबा

१५ फेब्रुवारी

चि. शेपटीस,

या वेळी तू दीड पान लिहिलंस. तीन वर्षांचं एकदम आलं असावं. ‘कागदावर झोपायला मला कुणी शिकवलं ते आठवा’ हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंस. एकदा पुरलं असतं. मी वाचतो नीट.

तूच आता विषय काढला आहेस, तेव्हा मला बंदी उठली असं धरून चालतो. तुला बरंचसं माहीत आहे. तरी ओळीने लिहितो, कारण ओळीने मी हे कुणालाच सांगितलेलं नाही.

आगारात तक्ते दोन असायचे. एक पेन्सिलीचा. तो आदल्या दिवशी दुपारी भिंतीवर लागायचा, त्यात खरा चालक, खरी गाडी, खरी वेळ. दिवसभर खाडाखोड होऊन तो काळा व्हायचा. दुसरा शाईचा. तो दुसऱ्या दिवशी मी सावकाश बसून फायलीसाठी लिहायचो. नियमात चालकाला दोन ड्यूट्यांमध्ये नऊ तास विश्रांती आहे. सुट्यांच्या गर्दीत माणसं पुरत नसत, मग एकाच चालकाला दोनदा लावावं लागे, आणि शाईच्या तक्त्यात एका ड्यूटीवर राखीव चालकाचा बिल्ला क्रमांक टाकला की नऊ तास भरून निघत. हुकूम साहेबांचा, तोंडी. लिहिणारा हात माझा. सगळ्या आगारांत हेच चालायचं. पेन्सिल खरी आणि शाई देखाव्याची, हे पहिल्या महिन्यात शिकलो आणि पुढे त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

त्या शुक्रवारी तू माझा डबा घेऊन आलीस. भिंतीवरचा तक्ता वाचलास, तुला वाचता यायचाच. म्हणालीस, ‘बाबा, सत्तेचाळीस दोनदा आलाय. रात्रीच्या जादा गाडीवरपण मामा आणि सकाळच्या सहाच्या गाडीवरपण मामाच. तुमची चूक झालीय.’ मी म्हणालो, ‘जा घरी.’

शनिवारी सकाळी आठ चाळीसला मामाची ती सहाची गाडी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर गेली. अकरा जण जखमी. एका बाईचा पाय गेला. ती शिलाई मशीनवर काम करायची, पायाच्या.

चौकशीत शाईचा तक्ता ठेवला गेला. त्यात रात्रीच्या गाडीवर राखीव चालक एकशे बारा. म्हणजे मामा रात्रभर घरी झोपून आला होता आणि तरी त्याला डुलकी लागली. निष्काळजीपणा. राखीव चालकाने साहेबांनी सांगितलं तसं सांगितलं. मी सांगितलं, ‘तक्त्यात आहे तेच खरं.’ मामा म्हणाला, ‘भाऊजी, माझ्याकडे बघून बोला ना.’ मी फायलीकडे बघून बोललो. त्याची नोकरी गेली.

आणि तू आलीस. एकोणीस वर्षांची, कॉलेजची पिशवी खांद्याला, कुणी बोलावलेलं नसताना. ‘मी पेन्सिलीचा तक्ता डोळ्यांनी पाहिलाय,’ म्हणालीस. चौकशी अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘मुलगी लहान आहे, मामाची लाडकी आहे, तिचं वाचण्यात काहीतरी चुकलं असेल.’ त्याच आठवड्यात तू मामाकडे राहायला गेलीस.

माफी मागत नाही. मागायला तोंड असावं लागतं. पण ते वाक्य बोलताना मला लाज वाटली होती, आणि ती वाटूनही मी बोललो, हे तुला माहीत असलेलं बरं.

पेन्सिलीचे तक्ते दर सोमवारी खोडून तेच कागद पुन्हा वापरायची पद्धत होती.

मार्च महिन्याचा तक्ता सोबत आहे. आता रोज एक पूर्ण सराव-पेपर, घड्याळ लावून.

बाबा

२ मार्च

चि. शेपटीस,

नोकरीवरून काढल्याविरुद्ध मामाने केलेल्या अपिलाची सुनावणी तीस मार्चला, आणि तुझी परीक्षाही तीस मार्चला. तू लिहितेस, मी परीक्षा सोडते आहे, मामाच्या वकिलांच्या हाती माझ्या साक्षीशिवाय दुसरं काही नाही, पुढच्या वर्षीचं वेळापत्रक करून पाठवा.

मी ते केलेलं नाही.

कारण सांगतो, धंद्याच्या भाषेत. एक चालक, दोन गाड्या, दोन गावं, मध्ये चार तासांचा रस्ता. हा प्रश्न माझ्यासमोर रोज असायचा. नवशिका लिपिक काय करतो, एक गाडी रद्द करतो आणि उतारूंच्या शिव्या खातो. मुरलेला लिपिक आधी बघतो की त्या दोनपैकी एका गाडीवर दुसरा कुणी जाऊ शकतो का.

तुझी साक्ष काय होणार तेही मी मनात चालवून पाहिलं. आगाराचा वकील विचारील, ‘तेव्हा वय किती होतं? मामाच्याच घरी राहता ना? तक्ता कुठे आहे?’ आणि शेवटी विचारील, ‘तुमच्या वडिलांनीच तुमचं चुकलं असं सांगितलं होतं, खरं की नाही?’ तुला हो म्हणावं लागेल. शेपटे, तू वर्ष घालवून जी साक्ष देशील ती माझ्याच एका वाक्याने पाडतील.

मला विचार करायला थोडे दिवस दे. तोपर्यंत मार्चचा तक्ता चालू ठेव, गाडी आगारात उभी करू नकोस. गणितात तू सुधारली आहेस, बावीसचे एकतीस झालेत. भाषेत दोन गुण उगाच घालवतेस, उतारा वाचायच्या आधी प्रश्न वाच.

काल जेवताना तुझ्या आईला म्हणालो, ‘सुनावणी तीसला आहे.’ ती म्हणाली, ‘माहितीये.’ मी म्हणालो, ‘तिची परीक्षाही त्याच दिवशी आहे.’ ती म्हणाली, ‘तेही माहितीये.’ मग तिने माझं ताट उचललं. मी अजून जेवत होतो.

बाबा

१२ मार्च

चि. शेपटीस,

मागे मी लिहिलं की पेन्सिलीचे तक्ते दर सोमवारी खोडून पुन्हा वापरायचे. ते खरं आहे. पण तो तक्ता खोडला असं मी लिहिलेलं नाही. परत वाचून बघ. कायदा शिकणार आहेस, अशा वाक्यांवर डोळा ठेवायला शीक, विशेषतः माझ्या.

अपघाताच्या सकाळी साहेबांचा फोन आला. ‘सोमवारची वाट कशाला बघताय, आत्ताच खोडा.’ मी हो म्हणालो. भिंतीवर कोरा कागद लावला, आणि जुना घडी करून रिकाम्या डब्यात घालून घरी आणला. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवला. तुला वाटेल, बाबांच्या मनात कुठेतरी सचोटी होती. तसं काही नाही. साहेबांनी उद्या सगळं माझ्या अंगावर ढकललं तर दाखवायला हातात काहीतरी असावं, म्हणून ठेवला. साहेब बढती घेऊन दुसरीकडे गेले, माझ्यावर काही आलं नाही, आणि कागद तिथेच राहिला. मामासाठी तो बाहेर काढावा असं मला तीन वर्षांत अनेकदा वाटलं. प्रत्येक वेळी निवृत्तीला किती दिवस राहिलेत ते मी मोजलं आणि खण बंदच राहिला.

परवा रविवारी दुपारी तो उघडला. कपडे काढले, वर्तमानपत्र उचललं. खाली काही नव्हतं. मी तसाच फरशीवर बसून राहिलो. खरं सांगू? पहिल्या क्षणाला मला सुटल्यासारखं वाटलं. कागदच नाही म्हटल्यावर कुणी काय करणार. दुसऱ्या क्षणाला स्वतःची किळस आली.

तुझी आई दारात उभी होती.

‘काय शोधताय?’

तीन वर्षांतला पहिला प्रश्न. मी म्हणालो, ‘एक कागद होता.’

ती आत गेली आणि तिच्या साड्यांच्या घडीतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. आत तक्ता. घडीवर फाटायला आला होता तिथे मागून पट्टी चिकटवलेली.

‘खणातला कागद बदलताना सापडला. तिथे वाळवी लागली असती.’

‘कधी सापडला?’

‘दोन वर्षं झाली.’

‘मग बोलली का नाहीस? तुझ्या भावाला का नाही नेऊन दिलास?’

ती म्हणाली, ‘दर वेळी दिवाणखाना झाडताना मनात यायचं, आज नेऊन देते. पण कागदावर अक्षर तुमचं आहे. मी नेला असता तर तुम्ही त्यालाही खोटं म्हणाला असता. तुमच्या पोरीला म्हणालात तसं.’ मग म्हणाली, ‘तुम्ही कधी काढताय ते बघत होते.’

मी रडलो. हे वेळापत्रकाबाहेरचं आहे, पण खोडू नकोस.

तू परीक्षेला जा. सुनावणीला मी जातो.

बाबा

२६ मार्च

चि. शेपटीस,

हे पत्र टपालाने नाही, तुझी आई घेऊन येते आहे. परीक्षा होईपर्यंत ती तिथेच राहील. तिला मामाच्या दुकानातल्या स्टुलावर बसव, खुर्चीवर तिची कंबर धरते.

तुझं उत्तर मिळालं. ‘तुम्ही जाल असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या शाईने लिहिलेलं मी खूप वाचलंय.’ बरोबर आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर तुला ताक कधी दिलंच नाही.

म्हणून असं केलं आहे. मूळ तक्ता तुझ्या आईच्या पिशवीत आहे. माझ्याकडे आता त्याची नक्कलसुद्धा नाही. तुझ्याच दुकानात त्याच्या चार प्रती काढ, पेन्सिल फिकी आहे, यंत्राचा गडदपणा वाढवून काढ. मूळ मामाजवळ दे, तो सुनावणीला येईल तेव्हा वकिलांच्या हातात ठेवील. म्हणजे ऐनवेळी माझी जीभ अडखळली आणि मी पुन्हा कानावर हात ठेवले, तरी कागद तिथे असेल आणि त्यावर माझं अक्षर असेल. मला पळायला जागा राहू नये, एवढी व्यवस्था मी स्वतःच केली आहे. ड्यूटी लावताना माणसाचा स्वभाव धरून लावावी लागते.

मामाच्या वकिलांना भेटून आलो. सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. कोर्ट इतक्या उशिरा आलेला कागद मानील की नाही, ते म्हणाले, खात्री देता येत नाही. माझ्यावर काय कारवाई होईल हेही त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही, तुझ्या अभ्यासक्रमात नाही. नंतर कधीतरी शिकशील.

पाय गेलेल्या त्या बाईच्या घरी जायचं आहे. पत्ता मिळाला आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाईन.

आता अभ्यास. सत्तावीस आणि अठ्ठावीसला फक्त चुकलेले प्रश्न, नवीन काही उघडायचं नाही. एकोणतीसला सकाळी दोन तास, मग पुस्तकं बंद, परीक्षेचं केंद्र एकदा चालत जाऊन बघून ये. रात्री दहाला झोप. खरी. आई बाजूला असेल, ती मला खरं काय ते कळवील.

शेवटचा तक्ता खाली देतो.

तीस मार्च

६.०० उठणे. पुस्तक उघडायचं नाही.

९.१५ परीक्षा केंद्राचं फाटक. सोबत: आई.

१०.०० ते १२.०० परीक्षा. चालक: शेपटी. सुटत नसेल त्या प्रश्नाला घंटी वाजवून पुढे.

११.०० अपिलाची सुनावणी, खोली क्रमांक चार. हजर: सत्तेचाळीस. साक्ष. ठरलेला चालक: शेपटी. ती दुसऱ्या गाडीवर आहे. तिच्या जागी: राखीव, म्हणजे मी.

सत्तेचाळीस या वेळी एकदाच लावला आहे. तो फक्त माझ्यासमोर बसेल, आणि मी त्याच्याकडे बघून बोलेन.

तुझ्या लक्षात आलंच असेल, हे सगळं पत्र पेन्सिलीने लिहिलं आहे. शाई संपलेली नाही.

बाबा